किल्ली बाहेर होती

१

त्या रविवारी मी बाबांचे केस कापले.

शॉमबर्गमध्ये फेब्रुवारीचा बर्फ रस्त्याच्या कडेला काळा पडून बसला होता आणि न्हाव्याकडे जाणं बाबा आठवडाभर टाळत होते. मी सनीव्हेलहून विमानानं शनिवार-रविवारपुरती आले होते. स्वयंपाकघरात खुर्ची टाकली, त्यांच्या खांद्यावर जुना टॉवेल गुंडाळला आणि आईची शिवणाची कात्री घेतली.

"लायसन्स आहे का तुमच्याकडे?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याकडे तरी कुठे होतं, धंदा सुरू केलात तेव्हा?"

"म्हणून तर विचारतोय. पुढे काढावं लागलं."

पुढचं बरं जमलं. मागे मानेवर मात्र कात्री डावीकडून उजवीकडे चढत गेली. सरळ करायला गेले तर अजून चढली. मी हात थांबवला.

"छान झालेत," मी म्हटलं.

"मागचं मला दिसत नाही. ते तुझ्या भरवशावर."

आरसा आणायला मी गेले नाही. सोमवारी ते टोपी आणि मफलर घालूनच बाहेर पडणार होते.

बाबा, विनय कारखानीस, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होते. उतारवयात नोकरी गेली, दुसरी मिळेना, आणि त्यांनी होलसेलिंग सुरू केलं. म्हणजे पडीक घर हेरायचं, मालकाशी खरेदीचा करार करायचा, आणि घरं दुरुस्त करून विकणाऱ्या एखाद्याला तो करार सोपवायचा. मधला फरक आपला. या धंद्यात भांडवल म्हणजे एजंटांशी ओळख. बाबा दर गुरुवारी त्यांच्यासोबत पॅनकेकच्या हॉटेलात बसत. कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे, कुणाचा मुलगा कॉलेजला लागला, सगळं त्यांना ठाऊक.

"एजंटकडे आधी मागायला जायचं नाही, द्यायला जायचं," ते म्हणत. मालकाचं घर चांगलं असेल आणि त्याला घाई नसेल, तर ते स्वतःच एजंटला फोन करत: हे माझं गिऱ्हाईक नाही, तुझं आहे. मग पाइप फुटलेलं, बँक ज्यावर कर्ज देणार नाही असं घर आलं, की एजंट त्यांना फोन करत.

तसाच एक फोन केस झाडता झाडता आला. डेब. तिच्याशी ते वेगळ्याच आवाजात बोलत, मोठ्यानं आणि हसत.

"उद्या डेबचं एक घर बघायचंय," फोन ठेवून ते म्हणाले.

"यशोधनसाठी?"

"यशोधनसाठी नाही. आहे एक जण." आणि त्यांनी केर भरायला झाडू मागितला.

सोमवारी पहाटे टॅक्सी आली. ते दारात उभे होते, टोपी, मफलर, हातात चहा. "उतरलीस की मेसेज टाक."

मी उतरल्यावर टाकला. तो त्यांनी वाचल्याची खूण आलीच नाही.

मंगळवारी सकाळी डेबचा फोन आला. विनी, ती बाबांना तसंच म्हणे, तिला त्या रिकाम्या घरात सापडला होता.

२

डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट अटॅक, मोठा, काही मिनिटांचा खेळ. पोलिसांनी सांगितलं, संशयास्पद काही नाही. दोघांवरही मी विश्वास ठेवला. मला फक्त एक गोष्ट हवी होती आणि ती कुणाच्याच कागदात नव्हती: ते एकटे होते का.

शवपेटीत त्यांचं डोकं उशीवर होतं आणि मफलर मीच नीट केला होता. लोक आले, चेहरा बघून गेले. मग घर रिकामं झालं. फ्रीजमध्ये सगळ्यांनी आणून दिलेले डबे होते आणि ते खायला मी.

पोलिसांनी बाबांच्या वस्तूंची पिशवी परत केली होती. टोपी, कोट, बूट, फोन, पाकीट; मफलर मी त्यातूनच काढून घेतला होता. तळाशी एक स्टीलचा चमचा.

आमच्या चमच्यांच्या दांड्यावर वेलबुट्टी आहे. हा साधा होता.

मी पोलीस अधिकाऱ्याला फोन केला. तो सभ्य होता, कंटाळलेला होता. "चमचा त्यांच्या शेजारी जमिनीवर होता, मॅडम. त्यांचाच समजून दिला."

"खाण्याचं काही होतं? डबा, कप, बाटली?"

"नाही. घर रिकामं. पाणीसुद्धा बंद केलेलं, पाइप गोठू नयेत म्हणून."

"आणि ते कसे होते?"

"झोपल्यासारखे. पाठीवर. कोटाची घडी करून डोक्याखाली घेतली होती. बरं वाटेना म्हणून आडवे झाले असतील."

मी आभार मानून फोन ठेवला. बाबांनी आयुष्यात कोटाची घडी घातली नव्हती. आई त्यावरून भांडून भांडून गेली.

३

डेब मला गुरुवारच्याच हॉटेलात भेटली. साठीची, रुंद हातांची बाई. बाबांची नेहमीची खुर्ची तिनं रिकामी ठेवली आणि मला शेजारी बसवलं.

"तुझा बाप," ती म्हणाली, "ज्या घरात मी ग्लोव्हज काढणार नाही तिथे बूट काढून आत जायचा. म्हणायचा, कुणाचं तरी घर होतं ना."

"त्या दिवशी बूट कुठे होते?"

"आत. दाराशी, जोडीनं." तिनं कॉफी ढवळायची थांबवली. "पण तो बाहेर पोर्चवर काढायचा. मी त्यावरून ओरडायचे. रिकाम्या घराबाहेर बूट दिसले की शेजारी पोलिसांना फोन करतात."

"दार उघडं होतं?"

"बंद. मी उघडलं."

"कशानं?"

"किल्लीनं. आमची पद्धत तुला माहीत असेल. दाराच्या कडीला आकड्यांच्या कुलपाची लोखंडी डबी. कोड लावला की आत किल्ली."

"म्हणजे किल्ली बाहेर होती. बाबा आत, दार बंद, आणि किल्ली बाहेर डबीत."

डेबनं कप खाली ठेवला.

"आतून खिट्टी फिरवली असेल?" मी विचारलं.

"त्या दाराला आतून खिट्टी नाही," ती हळू म्हणाली. "दाराला काच आहे, म्हणून जुन्या मालकानं दोन्हीकडून किल्लीचं कुलूप बसवलंय. आतून लावायलाही किल्लीच लागते."

"पोलिसांना हे सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही." मग, प्रामाणिकपणे: "आणि विचारलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कोड कुणाकुणाकडे होता. मी फक्त विनीला दिला होता. एजंटनं दिलेला कोड दुसऱ्याला देणं किंवा न विचारता दुसऱ्याला आत नेणं, हनी, या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. एकदा कळलं की त्या माणसाला इथे कुणी दारात उभं करत नाही. विनीनं कधी केलं नसतं."

"तुम्ही मंगळवारी तिथे कशाला गेलात?"

"ऑफिसच्या मशीनवर निरोप होता. सोमवारी दुपारचा, पण मी ऐकला मंगळवारी. कुणी बाई. शेजारीण आहे म्हणाली, मागचं दार वाऱ्यानं आपटतंय, आजच्या आज येऊन बघा." डेबनं मान हलवली. "मागचं दार नीट बंद होतं. आणि त्या घराला शेजार एकच, तिथे एक म्हातारा राहतो. एकटा."

४

बाबांचा फोन उघडता येत नव्हता, पण त्यांची माणसं मला ठाऊक होती. तो साधा स्टीलचा चमचा बघून मी आपल्याच माणसांपासून सुरुवात केली. मराठी बोलणारी आणि बाबांच्या धंद्याशी संबंध असलेली दोनच. यशोधन, जो त्यांचे करार विकत घेई. आणि सुलेखाकाकू, जी गुरुवारच्या टेबलावरची एकटी मराठी एजंट.

यशोधन दिवसा सॉफ्टवेअर मॅनेजर आणि उरलेल्या वेळात घरं दुरुस्त करून विकणारा. तो मला अशाच एका घरात भेटला. भिंती फोडलेल्या, जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं. त्याची बायको प्रीता खिडकीशी टाइल्सचे नमुने लावून बघत होती.

"ये. बूट राहू दे, खिळे आहेत," तो म्हणाला. "काका असते तर ऐकलं नसतं."

"तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

"भांडण कसलं यार. मी म्हटलं, डेबशी माझी डायरेक्ट ओळख करून द्या, मध्ये तुम्हाला तुमचं देईन. तर म्हणाले, माझी माणसं ही माझी माणसं आहेत, लिस्ट नाही. आणि चार दिवस फोन उचलला नाही."

"चार दिवस याला झोप नाही," प्रीता खिडकीतून म्हणाली. "भाव खायला गेला आणि बोलणी खाऊन आला."

"ते डेबचं घर तुला हवं होतं?"

"कुणाला नको असेल? लहान आहे, पण लोकेशन बघ. काका म्हणाले, हे एका माणसाला राहायला हवंय." तो चेष्टेनं हसला. "राहायला. पाणी नाही, हीटिंग नाही, किचनचं सीलिंग खाली आलंय. मी म्हटलं, कोण आहे हा बिचारा? तर म्हणाले, विचारू नकोस."

प्रीतानं पिशवीतून डबा काढला. "जेवून जा. थंड आहे, पण आहे." डब्यात दोन चमचे होते. स्टीलचे, साधे.

मी त्या चमच्यांकडे फार वेळ बघितलं असावं.

"सोमवारी कुठे होतात तुम्ही दोघं?"

प्रीताचा हात थांबला. यशोधनचा चेहरा उतरला, पण आवाज नाही चढला. "इथेच. प्लंबर होता, सिटीचा इन्स्पेक्टर होता. दोघांचे नंबर देतो. का गं?"

त्यानं खरंच नंबर लिहून दिले. गाडीत बसून मी दोन्ही लावले. दोघांनी एकच सांगितलं: सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नवराबायको तिथेच, आणि कशावरून तरी भांडत.

मी गाडी सुरू केली नाही. चमचा माझ्या पर्समध्ये होता. मी तो हातात घेतला आणि तळव्यावर आडवा ठेवला, तेव्हा मला हॉस्पिटल आठवलं. आईच्या शेवटच्या दुपारी बाबांनी नर्सकडे चमचा मागितला होता. नर्स म्हणाली, त्या काही गिळू शकणार नाहीत. बाबा म्हणाले, माहीत आहे. आणि त्यांनी आईच्या ओठांवर चमच्यानं पाणी सोडलं. नर्सनं दुसरीकडे बघितलं. तिला वाटलं, दुःखानं भ्रमलेला माणूस आहे.

डेबनं बाबांची छाती दाबली असती, तोंडाला बाटली लावली असती. चमचा शोधला नसता. चमच्यानं पाणी देणारं माणूस आपल्यातलं होतं, आणि आता काही उपयोग नाही हे त्याला कळलं होतं. घाईत त्यानं बाटली आणि डबा उचलला. चमचा राहिला.

५

सुलेखाकाकू रविवारी एका विकाऊ घराचं ओपन हाऊस, म्हणजे कुणीही येऊन घर बघण्याची वेळ, सांभाळत होती. बाहेर पाटी, आत दालचिनीची मेणबत्ती, टेबलावर बिस्किटं, आणि माणूस एकही नाही. ती मोठ्या रिकाम्या दिवाणखान्यात, भाड्यानं आणलेल्या सोफ्याच्या कडेवर बसली होती. मला बघून उठली आणि जवळ घेतलं.

"जेवतेस का नीट? तोंड बघ केवढंसं झालंय."

आम्ही बसलो. ती बाबांबद्दल बोलत राहिली. तिचा नवरा गेल्यावर मुलगा निहार तिला आपल्याकडे घेऊन आला. परीक्षा देऊन एजंट झाली, तेव्हा गुरुवारच्या टेबलावर तिला पहिल्यांदा बोलावलं ते बाबांनी. "म्हणाले, सुलेखाबाई, तुम्ही नुसत्या बसा. तिसऱ्या गुरुवारी लोक तुम्हालाच विचारतील. आणि खरंच विचारलं."

"तुम्हाला शेवटचे कधी भेटले?"

"त्याच्या आधीच्या गुरुवारी. मी म्हटलंही, केस किती वाढलेत, साधूबाबा दिसता." ती माझ्या खांद्यावरचा केस काढत जरा हसली. "मग तू कापलेस ना? बाई गं, कात्री धरायला कुणी शिकवलं तुला? मानेवर नुसता घाट चढवला होतास."

मेणबत्तीचा वास एकदम असह्य झाला.

"काकू," मी म्हटलं, "मी केस रविवारी कापले."

तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला.

"मागे वाकडे झालेत हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांनी आरशात बघितलं नव्हतं, म्हणजे फोनवर त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. सोमवारी बाहेर पडले ते मफलर गुंडाळून. शवपेटीत डोकं उशीवर होतं, मफलर मी लावला होता. डेबनं त्यांना पाठीवर पाहिलं. ती मान फक्त एकाच माणसाला दिसू शकते. ज्यानं त्यांचं डोकं उचलून खाली कोट ठेवला."

दाराची बेल वाजली.

६

एक तरुण जोडपं आत आलं. त्यानं आपलं नाव कुश सांगितलं, तिनं अनन्या. बूट काढू का, असं त्यांनी विचारलं. काकू उठली. तिनं साडीचा पदर सारखा करावा तसा कोट सारखा केला आणि त्यांना घर दाखवायला लागली. मी सोफ्यावर बसून ऐकत होते. किचन नवीन आहे, छप्पर नवीन आहे, शाळा चांगल्या. आवाज कुठेही हलला नाही.

"बेसमेंट फिनिश्ड आहे का?" अनन्यानं विचारलं. "याची आई येणारे इंडियाहून. तिला खाली ठेवता येईल?"

"येईल," काकू म्हणाली. मग थोड्या वेळानं: "पण खिडकी छोटी आहे. त्यांना एकदा विचारून बघा."

ते गेले. काकू परत आली तेव्हा तिनं दाराला आतून कडी लावली.

"घर मला हवं होतं," ती म्हणाली. "माझ्यासाठी. निहार वाईट नाही. पण त्याच्या बेसमेंटमध्ये मी दिवा लावल्याशिवाय दिवस उजाडत नाही. त्याला आधी कळलं असतं तर त्यानं समजूत घालून मला परत खाली बसवलं असतं. विनयराव म्हणाले, बघू, पडकं का होईना, तुमच्या नावाचं. दुसऱ्या कुणाला आत नेऊ का, असं डेबला विचारलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुणासाठी. आणि एजंट एजंटशी बोलतात, निहारच्या बायकोची मैत्रीण याच धंद्यात आहे. म्हणून त्यांनी कुणाला न विचारता माझ्यासाठी डबी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा."

"मग?"

"किचनमध्ये वर बघत उभे होते. हे छत आपण करू म्हणाले, आणि भिंत धरून खाली बसले. माझा फोन गाडीत होता. मी धावत गेले, फोन आणला, पाणी आणलं, माझ्या डब्यातला चमचा आणला. आले तेव्हा डोळे उघडे होते, पण मला कळलं. माझ्या मिस्टरांचं मी बघितलंय. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावते. ते म्हणाले, किल्ली आधी डबीत ठेवा. डेबला कळायला नको. दोनदा म्हणाले. मग विचारलं, तिचं विमान उतरलं का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. उतरलं. मला काय माहीत? पण हो म्हटलं. मग पाणी दिलं. एक चमचा आत गेला. दुसरा गेला नाही."

बाहेर बर्फ सारणारी गाडी रस्त्यावरून घरघरत गेली.

"मग मी त्यांनी सांगितलं ते केलं," काकू म्हणाली. "बूट आत आणले. कुलूप लावलं. किल्ली ठेवली. गाडीत बसून डेबला शेजारीण म्हणून निरोप ठेवला, वाटलं ती तासाभरात येईल. ती आली नाही. रात्रभर ते तिथे थंडीत होते, यामिनी, आणि मी बेसमेंटमध्ये हीटरशेजारी. त्यांचं नाव राखलं असं मी स्वतःला सांगते. माझंही राखलं. लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. डेबला सांग, पोलिसांना सांग. मी नाही म्हणणार नाही."

मला रागवायचं होतं. राग होताही, त्या एका रात्रीपुरता, आणि तो राहील. पण मी ज्यासाठी घरोघर फिरले होते ते उत्तर माझ्यासमोर बसलं होतं. ते एकटे नव्हते. त्यांचं डोकं कुणीतरी उचललं होतं, मान बघितली होती, मनात हसलंही असेल. त्यांनी माझ्याबद्दल विचारलं होतं, आणि कुणीतरी हो म्हटलं होतं.

"डेबला मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "ते घर तुम्ही तिच्याकडूनच घ्या. रीतसर मागा. त्यांच्या नावानं मागा."

काकूनं मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही. मग तिनं माझा हात धरला आणि घरच्या बाईनं विचारावं तसं विचारलं, "कुणाकुणाला कळवलंस गं तू?"

डेबला, पोलिसांना, बँकेला, विमा कंपनीला, ऑफिसला मी इंग्रजीत कळवलं होतं. त्या भाषेत त्यासाठी एक मऊ क्रियापद आहे. ते उच्चारलं की समोरचा सॉरी म्हणतो आणि आपण थँक यू म्हणतो. पुण्यात चुलतभावाला मेसेज केला, पुढच्यांना त्यानं सांगितलं. माझ्या स्वतःच्या भाषेत ते वाक्य मी अजून एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. सांगायला या देशात माझं कुणी उरलंच नव्हतं, आणि सांगितलं नाही तोवर ते थोडंसं खोटं राहत होतं.

"काकू," मी म्हटलं, "माझे बाबा गेले."